संदर्भसूचीला मार्क देणं थांबवा

आरोग्य आणि फिटनेस हा विद्यार्थ्यांचा हक्काचा विषय. प्रकल्पासाठी विषय निवडा म्हटलं की निम्मा वर्ग व्यायाम, आहार, झोप, वजन यांच्याभोवतीच फिरतो. साहजिक आहे. शरीर प्रत्येकाला आहे, त्याबद्दल मत प्रत्येकाला आहे, आणि माहितीचा तर महापूर आहे. रसायनशास्त्रावर लिहायचं तर निदान पुस्तक उघडावं लागतं. पोटाची चरबी कमी करण्यावर लिहायचं तर फोन उघडला की काम झालं.

असा प्रकल्प हातात आला की मी शेवटचं पान आधी बघतो. तिथे वीसेक संदर्भ असतात. वरचे तीन-चार मोठ्या संस्थांचे, मग भारदस्त नावांचे पाच-सहा शोधनिबंध, खाली लिंकांची रांग. त्यातल्या एका शोधनिबंधावर बोट ठेवून विचारावं, की हा अभ्यास कोणावर केला होता? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. माणसांवर की उंदरांवर, एवढंही सांगता येत नाही. मुलं आळशी आहेत म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. त्यांना सांगितलेलं असतं की किमान पंधरा विश्वासार्ह संदर्भ हवेत. ते पंधरा आणतात, हौशी असतील तर वीस. आपण जे मागितलं तेच त्यांनी दिलं.

माझं म्हणणं असं की आपण चुकीची गोष्ट मागतो आहोत. विश्वासार्ह संकेतस्थळांची यादी फळ्यावर लिहून द्यायची, त्या यादीतून संदर्भ गोळा करायला लावायचे आणि ते मोजून मार्क द्यायचे, या पद्धतीने विद्यार्थी संशोधन शिकत नाही, संदर्भ गोळा करायला शिकतो. विश्वासार्हता ही संकेतस्थळाला चिकटलेली गोष्ट नसते. एखादा दावा आणि त्यामागचा पुरावा यांचं जे नातं असतं, त्यात ती असते. म्हणून मार्क द्यायचेच तर एका दाव्याचा माग मुळापर्यंत काढल्याबद्दल द्यावेत. एकाच.

‘रोज दहा हजार पावलं चाला’ हे वाक्य घ्या. फोनमधलं ॲप ते सांगतं, मनगटावरचं घड्याळ थरथरून सांगतं, रुग्णालयांच्या आणि विमा कंपन्यांच्या आरोग्यपानांवर ते असतं. यादीतल्या कुठल्याही दारातून आत शिरा, हा आकडा वाटेत भेटतोच. आता तो आला कुठून? १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं सुटलं आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मांपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा. किती पावलांनी किती माणसं जास्त जगतात, हे मोजून तो काढलेला नव्हता.

विद्यार्थी इथे थांबला तर त्याला आणखी एक सुरस गोष्ट मिळेल: ‘दहा हजार पावलं ही निव्वळ जाहिरातबाजी!’ हेही रील व्हायला उत्तम. पण माग पुढे जातो. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १६,७४१ स्त्रिया, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. लगेच मथळे आले की दहा हजारांची गरज नाही, साडेसात हजार पुरे. सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या प्रकल्पात तो आकडा जसाच्या तसा उतरवला. बहात्तर वर्षांच्या आज्यांचा आकडा त्याने स्वतःला लावून घेतला. मग २०२२ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी हा टप्पा सहा ते आठ हजारांच्या दरम्यान निघाला आणि साठीच्या आतल्या प्रौढांसाठी आठ ते दहा हजारांच्या. म्हणजे जाहिरातीतून जन्मलेला आकडा काहींच्या बाबतीत फारसा चुकला नव्हता. आणि शाळकरी मुलांबद्दल या दोन्ही अभ्यासांत काहीच नाही.

हे एवढं दोन पानांत मांडणाऱ्या विद्यार्थ्याचे संदर्भ फक्त तीन होतील. आजच्या पद्धतीत तो नापास. वीस लिंका चिकटवून ‘रोज दहा हजार पावलं चालणं शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहे’ असं लिहिणारा मात्र पैकीच्या पैकी घेऊन जाईल.

यादीवर माझा दुसरा आक्षेप आहे तो ती शिकवत असलेल्या सवयीबद्दल. पत्ता अमुक अक्षरांनी संपतो का, मानचिन्ह आहे का, लेखकाच्या नावापुढे पदवी आहे का, पान अलीकडे अद्ययावत केलंय का, अशा खुणा बघायला आपण शिकवतो. या सगळ्या खुणा पानावरच्या असतात, आणि पान ज्याने बनवलं त्याच्या हातात असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये यावर एक सुरेख प्रयोग मांडला. १० इतिहासकार, २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना त्यांनी संगणकासमोर बसवलं. त्यातल्या एका कामात दोन संकेतस्थळं होती, दोन्ही बालरोगतज्ज्ञांची, दोन्हींवर मुलांमधल्या दादागिरीबद्दल लेख. एक ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स’चं. ही १९३० मध्ये स्थापन झालेली, साठ हजारांहून अधिक सदस्यांची मुख्य व्यावसायिक संघटना. दुसरं ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पेडिॲट्रिशियन्स’चं. समलिंगी जोडप्यांनी मुलं दत्तक घेण्याच्या प्रश्नावरून २००२ मध्ये मुख्य संघटनेतून फुटून निघालेला हा काहीशे लोकांचा गट. नावं वाचून कोण कुठलं हे ओळखून दाखवा.

विद्यार्थ्यांनी पानं वाचली. नीट, वरपासून खालपर्यंत. दुसरं पान जास्त नीटनेटकं होतं, तळटीपा होत्या, मांडणी मुद्देसूद होती. बहुसंख्य विद्यार्थ्यांना तेच जास्त विश्वासार्ह वाटलं. इतिहासकारांपैकीही बरेच गोंधळले, दोन्ही ठीक वाटतात म्हणाले. कागदपत्रांची छाननी करण्यात ज्यांची हयात गेली, ती ही माणसं! तथ्यतपासनिसांनी मात्र पान जवळजवळ वाचलंच नाही. आत शिरले, दोन क्षण थांबले आणि बाहेर पडून शेजारी नव्या टॅब उघडल्या. ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, भांडण कशावरून झालं. सगळ्यांनी अचूक उत्तर दिलं, तेही थोडक्या वेळात. पान नीट वाचणारे फसले आणि न वाचता बाहेर पडणारे वाचले. मला यातली गंमत अशी वाटते की ‘लक्षपूर्वक वाचा’ हा शिक्षकाचा सर्वात जुना उपदेश इथे उलटा पडतो. आधी बाहेरून चौकशी, मग वाचन. स्थळ सांगून आलं की आपली आजी हेच करायची. मुलाचा फोटो बाजूला ठेवून गावात कोण ओळखीचं आहे ते आधी विचारायची.

आता कुणी म्हणेल, संकेतस्थळं सोडा, आम्ही मुलांना थेट शोधनिबंधच वाचायला लावतो. तिथे तरी फसवणूक नाही ना?

पालकाच्या भाजीची गोष्ट ऐका. पालकात लोह भरपूर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यावर हुशार लोक सांगतात की ती एक जुनी चूक आहे. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन रसायनतज्ज्ञाकडून दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि लोहाचा आकडा दहापट झाला. ही दशांशचिन्हाची कथा वैद्यकीय नियतकालिकांत, पाठ्यपुस्तकांत, विज्ञानातल्या चुकांवरच्या व्याख्यानांत वर्षानुवर्षं सांगितली गेली. १९८१ मध्ये रक्तविकारतज्ज्ञ टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती लिहिली आणि तिथून ती फोफावली. हॅम्ब्लिन यांनी तिच्यासाठी कुठलाही संदर्भ दिला नव्हता. २०१० मध्ये गुन्हेगारीशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी मूळ कागद शोधायला घेतले, तर अशी दशांशचिन्हाची चूक झाल्याचा पुरावाच सापडेना. २०१४ मध्ये ओले ब्यर्न रेकडाल या नॉर्वेच्या अभ्यासकाने यावर निबंध लिहून दाखवलं की विद्वान मंडळीसुद्धा मूळ स्रोत न उघडता एकमेकांचे संदर्भ उतरवून घेतात. आणि हे सगळं कुठे घडलं? चुकीची माहिती कशी पसरते, हे समजावून सांगणाऱ्या लेखनात! शंभर ग्रॅम ताज्या पालकात लोह अडीच-तीन मिलिग्रॅम असतं, हे कुठल्याही पोषणकोष्टकात मिळतं. पण तेवढं कोण बघतो.

प्राध्यापक जे करत नाहीत ते अकरावीतल्या मुलाने करावं, ही अपेक्षा जड वाटेल. मला उलट वाटतं. पोराकडे वेळ असतो, आणि बिंग फोडण्याची हौस त्याच्याइतकी कुणालाच नसते. ती हौस कामाला लावायची.

माग काढताना त्याला दुसरी एक गोष्ट कळते, जी यादी कधीच शिकवू शकत नाही. ती म्हणजे पुराव्याला जात असते. व्यायाम हृदयाला चांगला, हे आज आपण इतक्या सहज म्हणतो की त्याचाही कधी पुरावा गोळा करावा लागला होता हे विसरून जातो. तो पायाभूत पुरावा जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांचा. लंडनच्या दुमजली बस. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिन्यावर वर-खाली, पाळीमागे पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. सामाजिक स्तर दोघांचा सारखाच. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की हृदयविकार चालकांमध्ये जास्त आणि वाहकांमध्ये कमी आहे. सायकलने आणि पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यातले बसून काम करणारे, यांच्यातही तसाच फरक दिसला.

इथे बहुतेक पाठ्यपुस्तकं थांबतात. मॉरिस थांबले नाहीत. त्यांच्या मनात आलं, की आडव्या बांध्याची माणसं मुळातच चालकाच्या जागेकडे वळत असली तर? मग हृदयविकाराचं कारण बसणं नसेल, नोकरीला लागतानाच असलेला देह असेल. हे तपासायचं कसं? कुणीतरी गणवेशांचा विचार केला. कंपनी प्रत्येकाला विजार शिवून देत होती, म्हणजे प्रत्येकाच्या कमरेचं माप दप्तरात होतं. १९५६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच दुसरा निबंध आला, गणवेशांच्या मापांवर. चालकांच्या कमरा वाहकांपेक्षा मोठ्या निघाल्या, अगदी तरुण वयोगटातही. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षावर शंका घेऊन ती छापणारा हा माणूस. पुढची कित्येक वर्षं मॉरिस याच प्रश्नावर काम करत राहिले, कारण एका निबंधाने प्रश्न सुटत नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

या विजारींचा किस्सा ज्याने वाचला, तो ‘नाश्ता करणारी मुलं अभ्यासात हुशार असतात’ हे वाक्य पुन्हा भोळेपणाने लिहिणार नाही. नाश्त्यामुळे हुशारी, की ज्या घरात सकाळी कुणीतरी नाश्ता करून घालतं त्या घरात अभ्यासाकडेही लक्ष असतं? सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, हे सूत्र वर्गात दहादा घोकून घेतलं तरी डोक्यात शिरत नाही. विजारीने शिरतं.

पैशाचा प्रश्नही असाच माग काढताना आपोआप समोर येतो. २०१६ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये काही जुनी पत्रं आणि कागद प्रसिद्ध झाले. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी हृदयविकाराबाबत साखरेवरचा संशय हलका आणि चरबीवरचा गडद करणारा आढावा लिहिला होता, आणि त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने त्यांना साडेसहा हजार डॉलर दिले होते. निबंधात त्याचा उल्लेख नव्हता. तेव्हा तसा नियमही नव्हता. ही गोष्ट मुलांना फार आवडते, कारण तिच्यात खलनायक आहे. म्हणून मी तिच्या शेपटाला आणखी एक निबंध जोडून देतो. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये दोन इतिहास-अभ्यासकांनी लिहिलं की याला कटकारस्थान म्हणणं अतिशयोक्ती आहे, त्या काळी उद्योगांकडून पैसे घेणं रूढ होतं आणि चरबीविषयीची मतं त्या शास्त्रज्ञांची आधीपासूनच होती. पैसा कुठून आला हे विचारायचंच. पण पैसा दिसला की निष्कर्ष खोटा, हा शॉर्टकटही चालणार नाही. पैसा दिसला की पुरावा जास्त बारकाईने वाचायचा, इतकंच.

फिटनेसच्या क्षेत्रात हे सगळं जास्तच लागतं. औषधाला बाजारात येण्याआधी निदान चाचण्यांची चाळण असते. व्यायामाच्या पद्धतीला अशी चाळण नाही. अभ्यास लहान असतात, काही आठवड्यांचे, आणि त्यात भाग घेणारे बहुधा त्याच विद्यापीठातले तरुण खेळाडू. २०१४ ते २०२० या काळातल्या क्रीडाविज्ञानाच्या सहा नियतकालिकांतले ५,२६१ निबंध तपासले तेव्हा फक्त पुरुषांवर केलेले अभ्यास ३१ टक्के निघाले, फक्त स्त्रियांवर केलेले ६ टक्के. म्हणजे वर्गातल्या मुलीने ‘स्नायू वाढवण्यासाठी उत्तम पद्धत’ शोधली तर तिच्या हाती येणारं उत्तर बऱ्याचदा मुलांचं असतं. हे तिला संदर्भसूचीत दिसणार नाही. निबंधातल्या ‘पद्धती’ या विभागाच्या पहिल्या परिच्छेदात दिसेल, जो कुणी वाचत नाही.

जिममधल्या ट्रेडमिलवर लिहिलेलं, कमाल हृदयगती काढायचं २२० वजा वय हे सूत्रही तसंच. १९७१ च्या एका आढाव्यात काही उपलब्ध आकडे आलेखावर मांडून अंदाजाने ओढलेली ती रेघ होती. कमाल हृदयगतीचा स्वतंत्र प्रयोग करून ते सूत्र निघालेलं नाही, हे रॉबर्ग्स आणि लँडवेर यांनी २००२ मध्ये जुने कागद उकरून दाखवलं. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास एकत्र करून २०८ वजा ०.७ गुणिले वय हे सूत्र सुचवलं होतं. तरी ट्रेडमिलवर जुनंच आहे. आणि कुठलंही सूत्र वापरा, एखाद्या माणसाची प्रत्यक्ष गती त्यापासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वाजवी आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना संख्याशास्त्र येत नाही, इंग्रजी शोधनिबंध झेपत नाहीत. यादी दिली नाही तर ती चमत्कारिक पावडर विकणाऱ्याच्या पानावर जाऊन बसतील. यादीमुळे निदान नुकसान तरी टळतं.

मान्य. सुरुवात कुठून करायची हे सांगायलाच हवं. मीही दोन-तीन दारं दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं, कारण ती फुकट आहेत आणि त्यांना साल असतं. साल महत्त्वाचं. २०१० च्या तत्त्वांत प्रौढांच्या व्यायामाचा तुकडा किमान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती. २०२० मध्ये ती काढली आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम असं म्हटलं. दोन्ही वाक्यं एकाच संघटनेची, दोन्ही ‘विश्वासार्ह’, आणि एक आता जुनं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी सरासरी रोज साठ मिनिटं, हे तिथेच वेगळं दिलेलं आहे. दुसरं दार कॉक्रेनचं. १९९३ मध्ये सुरू झालेली ही संस्था एका प्रश्नावरच्या चाचण्या शोधून, त्यांचा दर्जा तोलून एकत्रित आढावा काढते, आणि प्रत्येक आढाव्याला साध्या भाषेतला सारांश जोडते. तो सोळा वर्षांच्या मुलाला वाचता येतो. पुराव्याची खात्री किती, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘फारशी खात्री नाही’ असं तज्ज्ञ मंडळी उघडपणे लिहितात, हे पाहूनच कित्येक मुलं चकित होतात.

पबमेडबद्दल मात्र गैरसमज फार आहे. ‘पबमेडवर आहे’ हे मुलं प्रमाणपत्रासारखं सांगतात. पबमेड हा वैद्यकीय निबंधांच्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदींचा कॅटलॉग आहे. ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तक आहे म्हणून त्यातलं खरं, असं आपण म्हणत नाही. लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, बारा मुलांवरचा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये होता आणि पबमेडवरही. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. आजही त्याची नोंद तिथे आहे, मागे घेतल्याचा ठळक शिक्का घेऊन. तो शिक्का बघायची सवय लावणं, हे माझ्या मते पंधरा संदर्भ आणायला लावण्यापेक्षा मोलाचं.

विकिपीडियाचं तर आपण उलटंच करून ठेवलंय. वर्गात बंदी आणि घरी तोच आधार. गंमत म्हणजे वैद्यकीय लेखांसाठी इंग्रजी विकिपीडियाचा स्वतःचा नियम बहुतेक शिक्षकांपेक्षा कडक आहे: सुट्या एकेका अभ्यासावर भिस्त ठेवू नका, आढावे आणि मार्गदर्शक तत्त्वं वापरा. नियम सगळीकडे पाळला जातो असं नाही. पण माग काढायला तळटीपांपासून सुरुवात करायची तर त्याहून सोयीची जागा कमीच. बंदी उठवावी आणि सांगावं, की विकिपीडियाचा संदर्भ देऊ नका, तिथल्या तळटीपेत जा आणि तिथे खरंच तसं लिहिलंय का ते सांगा.

आता यादीवाल्या पद्धतीच्या शवपेटीवर शेवटचा खिळा ठोकायला एआय आलंच आहे. पंधरा संदर्भ हवेत? चॅटबॉट अर्ध्या मिनिटात देतो. लेखकांची नावं खरी वाटणारी, नियतकालिक खरं, साल, खंड, पृष्ठक्रमांक सगळं जागच्या जागी, आणि निबंध अस्तित्वातच नाही. पूर्वी मुलं न वाचलेले निबंध देत, आता कुणीच न लिहिलेले देतात. संख्या मोजणाऱ्या शिक्षकाला दोन्हींत फरक दिसत नाही. डीओआय क्रमांक, म्हणजे निबंधाचा ओळखक्रमांक, टाकून पाहिला की बिंग फुटतं, तेवढं प्रत्येकाला शिकवावं. पण दाव्याचा माग काढणाऱ्याला ही भीती मुळातच कमी, कारण त्याला निबंध उघडून आतला आकडा दाखवायचा असतो. नसलेला निबंध उघडणार कसा?

उघडण्यावरून एक गाऱ्हाणं. आपण मुलांना मूळ निबंध वाचा म्हणतो, आणि मूळ निबंधावर कुलूप असतं. सारांश फुकट, बाकी पैसे मोजा. म्हणून मुलं सारांशावर भागवतात; आणि सारांशात लेखकाने आपली बाजू सजवलेली असते. जनतेच्या पैशातून झालेलं आरोग्यविषयक संशोधन जनतेला वाचता येऊ नये, याचं समर्थन मला कधीच पटलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी आपल्या अनुदानातून निघालेले निबंध पबमेड सेंट्रल या मोफत संग्रहात खुले करणं २००८ पासून बंधनकारक केलं; युरोपातल्या अनुदान संस्थांनी २०१८ मध्ये त्याहून कडक योजना जाहीर केली. काम अर्धवट आहे. तोवर ग्रंथपालाला विचारावं, खुली प्रत कुठे आहे का बघावं, आणि नाहीच मिळाली तर निबंधावर ज्या लेखकाचा पत्ता दिलाय त्याला दोन ओळींचा ईमेल टाकावा. शास्त्रज्ञांना आपला निबंध कुणी मागितला की बरं वाटतं. उत्तर येतंच असं नाही, पण आलं तर त्या मुलाला संशोधन म्हणजे माणसं करतात ती गोष्ट आहे हे कायमचं कळतं.

तर मार्क कसे द्यायचे? विद्यार्थ्याने आरोग्याविषयीचा एक दावा निवडावा, शक्यतो तो स्वतः ज्यावर विश्वास ठेवतो असा. तो त्याला पहिल्यांदा कुठे भेटला तिथून मागे जावं, प्रत्येक पायरीवर कोण कोणाचा हवाला देतंय आणि आकडा किंवा शब्द कुठे बदलला हे लिहावं. शेवटी जो अभ्यास सापडेल तो किती जणांवर, कोणावर, किती काळ, कोणाच्या पैशाने, आणि त्यानंतर कुणी तो तपासला का, एवढं सांगावं. दोन पानं पुरतात. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे तपासणार कोण, असं विचाराल तर साठ जणांचे तीस-तीस पानांचे, एकमेकांवरून उतरवलेले प्रकल्प आज कोण तपासतं? दोन पानं वाचून पाच मिनिटं समोर बसवून प्रश्न विचारायलाही त्याहून कमी वेळ लागेल.

आणि काही माग कुठेच पोचणार नाहीत. ‘दिवसाला आठ ग्लास पाणी’चा माग घेणारी मुलगी १९४५ च्या एका अमेरिकी शिफारशीपाशी पोचेल. तिथे दिवसाला अडीच लिटर म्हटलंय आणि लगेच पुढे, यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं असंही म्हटलंय. पण त्या अडीच लिटरचा पुरावा शोधायला ती आणखी मागे गेली तर तिच्या हाताला काही लागणार नाही. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या मूत्रपिंड-शास्त्रज्ञाने शोधलं, त्यालाही आठ ग्लासांना आधार देणारा पुरावा सापडला नव्हता. त्या मुलीच्या वहीत शेवटची ओळ असेल की इथपर्यंत आले, पुढे काही नाही. तिला पैकीच्या पैकी द्यावेत.